गुडघा, उंची आणि खोपोली: तीन पिढ्यांचे चार दिवस

सगळ्यांनी सगळं बघायचं, हा हट्ट घरीच ठेवून निघावं. आजीपासून नातवापर्यंत सगळे थीम पार्कला निघाले की वेळापत्रक ठरतं ते दोन गोष्टींवर: घरातला सगळ्यात दुखरा गुडघा आणि सगळ्यात कमी उंची. बाकीच्यांनी या दोघांभोवती फिरायचं. खालची आखणी खोपोलीच्या इमॅजिकासाठी आहे आणि ती नऊ जणांचं कुटुंब धरून केली आहे. सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा, मुलगा-सून, मुलगी-जावई आणि चौदा, नऊ व चार वर्षांची तीन नातवंडं. माणसं कमीजास्त असली तरी हिशोब फारसा बदलत नाही.

निघण्याआधी

सोमवारी निघून गुरुवारी परतावं. शनिवार-रविवार, नाताळची सुट्टी आणि मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे टाळावेत. उन्हाळ्यात खोपोलीचा दमटपणा घाटाखालच्या कोकणासारखाच असतो आणि पावसाळ्यात उघड्यावरच्या राइड्स मधूनमधून थांबतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. या सहलीला दोन अष्टविनायक जोडले आहेत, तेव्हा कॅलेंडरमध्ये शाळेच्या सुट्ट्यांबरोबर चतुर्थीही बघायची. महड आणि पालीला संकष्टीला, त्यातही अंगारकीला, रांग लांबते. माघी चतुर्थीच्या आसपास तर तिकडे जाऊच नये.

मुलांची उंची घरी मोजून ठेवावी. दाराच्या चौकटीला पाठ लावून, अनवाणी उभं करायचं, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरायचं, पेन्सिलीने खूण करायची आणि टेपने मोजायचं. आकडा सेंटीमीटरमध्ये लिहून पार्कच्या संकेतस्थळावरच्या मर्यादांशी ताडायचा. नऊ वर्षांच्या मुलाला कोणत्या राइड्स मिळणार नाहीत हे त्याला घरीच सांगून टाकावं. नाहीतर पाऊण तास रांगेत उभं राहून दाराशी मोजपट्टीने नकार दिला की रडारड होते आणि अख्ख्या कुटुंबाचा तास वाया जातो.

ही मर्यादा का असते, तेही मुलांना समजावून सांगता येतं. मांडीवर येणारा दांडा बाकावरच्या सगळ्यांसाठी एकच असेल, तर तो सगळ्यात जाड पोटाला टेकून थांबतो. शेजारच्या बारक्या मुलाच्या मांडीवर मग चार बोटं पोकळी राहते. म्हणून अशा बाकावर मुलाशेजारी अंगाने बारीक माणूस बसावा. गोल फिरणाऱ्या राइडमध्ये मोठ्या माणसाने बाहेरच्या कडेला आणि मुलाने आत बसायचं. उलटं बसलं तर वेग आला की मोठा माणूस घसरत मुलावर येतो.

नऊ जणांना एक इनोव्हा पुरत नाही आणि दोन गाड्या घेतल्या की अर्धा वेळ ‘तुम्ही कुठे पोचलात’ यात जातो. बारा-तेरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर बरी. तिची पहिली पायरी मात्र उंच असते. आंघोळीचं प्लास्टिकचं स्टूल गाडीत टाकावं. चार दिवसांत आजी दहा-बारा वेळा तरी चढणार-उतरणार आणि प्रत्येक वेळी दोघांनी काखेत हात घालून उचलण्यापेक्षा स्टूल बरं.

दिवस पहिला: महड आणि मुक्काम

पहिली चूक मोबाइलच्या नकाशातच होते. वरदविनायकाचं गाव महड, ते खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात. मुंबई–गोवा महामार्गावरचं, चवदार तळ्याचं महाड वेगळं आणि तिथून बरंच दक्षिणेला. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच येतं. चालकाला नुसतं गावाचं नाव देऊ नये, ‘वरदविनायक मंदिर’ असं टाकून नकाशा खालापूरकडे नेतोय ना हे बघावं. पालीचंही तेच. आपल्याला हवी ती सुधागड तालुक्यातली, बल्लाळेश्वराची पाली. खंडोबाची पाली सातारा जिल्ह्यात राहिली.

मुंबईहून अंतर ७५-८० किलोमीटर, पुण्याहून नव्वदच्या आसपास. पुण्याहून येताना बोरघाट उतरावा लागतो आणि मुलांना ओकाऱ्या होतात त्या तिथेच. कारण बहुतेक वेळा हातातला मोबाइल असतो. डोळे स्थिर पडद्यावर आणि कान सांगतो की आपण वळतोय. लोणावळा आलं की पडदे बंद करायचे, चार वर्षांच्या पोराला पुढच्या रांगेत काचेतून रस्ता दिसेल असं बसवायचं आणि पोट भरायचं ते घाट उतरल्यावर.

सातला निघालं तर साडेनऊपर्यंत महडला पोचता येतं. मंदिर लहान आहे, चढण नाही, म्हणून आजी-आजोबांसाठी पहिल्या दिवशी हेच योग्य. मूर्ती १६९० मध्ये तळ्यात सापडली असं सांगतात. देऊळ १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं आणि गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून तेवतोय अशी श्रद्धा आहे. अकराच्या आत दर्शन आटपावं. नंतर फरशी तापते आणि मधुमेह असलेल्यांना पायाचा चटका लवकर कळत नाही. त्यांच्यासाठी जाड सुती मोजे पिशवीत असावेत.

तिथून पार्कचा रस्ता थोडाच, पण हॉटेलच्या खोल्या साधारणपणे दुपारी दोननंतर मिळतात. मधला वेळ खालापूर-खोपोली भागात सावकाश जेवण्यात घालवावा. पार्कला लागूनच नोव्होटेल आहे. तीन पिढ्यांसाठी ते महाग वाटलं तरी इथे पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दुपारी दोन तास पाठ टेकायला खोली पायाशी असणं, ही चैन राहत नाही, औषधासारखी लागते. खोपोली किंवा लोणावळ्यात स्वस्त खोली घेतली तर एकदा पार्कमध्ये शिरलेले आजोबा रात्रीपर्यंत बाकावरच बसून राहतात.

आरक्षण करताना चार गोष्टी फोनवर बोलून पक्क्या कराव्यात, नुसत्या अर्जातल्या रकान्यात लिहून भागत नाही. आजी-आजोबांची खोली लिफ्टजवळ. न्हाणीघरात टब नको, सपाट शॉवर हवा, कारण टबची कड ओलांडताना तोल जातो. शेजारच्या खोलीत आतून दार असेल तर उत्तम. इन्शुलिन असेल तर फ्रीज चालू आहे ना, हे खोलीत शिरल्या शिरल्या हात लावून बघायचं. बऱ्याच खोल्यांत दाराजवळचं, वीज चालू ठेवणारं कार्ड काढलं की फ्रीजही बंद होतो. तसं असेल तर स्वागतकक्षाकडून जास्तीचं कार्ड मागून घ्यावं.

संध्याकाळी काहीही करू नये. मुलं पोहण्याच्या तलावावर, मोठे चहावर.

दिवस दुसरा: थीम पार्क

मनमोहन शेट्टींच्या ॲडलॅब्जने हा पार्क २०१३ साली उघडला, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आला. २०२२ पासून तो संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे.

तिकीट दिवसाच्या तारखेचं, आधी ऑनलाइन काढलेलं असावं. ज्येष्ठांचा आणि मुलांचा दर वेगळा असतो, तेव्हा आधार कार्डं एका पाकिटात. ‘आम्ही काही बसणार नाही’ म्हणणाऱ्या आजोबांनाही आत जायला तिकीट लागतंच. आज कोणत्या राइड्स दुरुस्तीसाठी बंद आहेत, हे दाराशीच विचारावं. चौदा वर्षांच्या मुलीला जिच्यासाठी आणलं तीच राइड बंद, हे पार्क अर्धा पालथा घातल्यावर कळण्यात अर्थ नाही.

चाकाची खुर्ची सकाळी दारावरच घ्यावी. दुपारी घ्यायला गेलं तर शिल्लक नसण्याची शक्यता असते, आणि तोवर गुडघा सुजलेला असतो. पार्कमध्ये दिवसभरात दहा हजार पावलं सहज होतात. आजी म्हणतात, “मी काय पांगळी झाले का?” यावर वाद घालू नये. खुर्ची धाकट्याच्या बॅगा ठेवायला घेतली म्हणावं आणि ढकलायला आजोबांकडे द्यावी. त्यांना ढकलगाडीचा आधार मिळतो आणि साडेअकराच्या सुमारास बॅगा कोणाच्या तरी खांद्यावर जातात, आजी खुर्चीत बसतात. कोणी काही बोलायचं नाही.

आत शिरल्यावर पहिल्या तासात तीन तुकड्या करायच्या. पहिली तुकडी म्हणजे चौदा वर्षांची मुलगी आणि तिचे काका किंवा मामा, म्हणजे ज्याचं पोट घट्ट आहे तो. यांनी रमतगमत न जाता सरळ नायट्रो गाठायची. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार्ड कंपनीने बनवलेली ही रोलर कोस्टर, उंची १३२ फूट, वेग ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा माणूस उलटा होतो. पायाखाली तळ नसतो, पाय लोंबकळतात, म्हणून चपला फलाटावर काढाव्या लागतात. चष्मा, कानातलं यंत्र, खिशातली गाडीची किल्ली हे सगळं आधीच काढून ठेवायचं. पन्नाशीच्या जावयाला चढायचा मोह झाला तर स्टेंट, रक्तदाब, मानेचा स्पॉन्डिलायटिस यातलं काही आहे का हे बायकोने विचारावं. तो स्वतः सांगणार नाही. नायट्रो झाली की डीप स्पेस. ती अंधारात, बंद इमारतीत धावते, म्हणून ऊन चढल्यावर केली तरी चालते. उघड्यावरच्या राइड्स मात्र सकाळीच उरकाव्यात.

दुसरी तुकडी धाकट्याची. टबी नावाच्या हत्तींचं विमान, घोड्यांचा मेरी-गो-राउंड, मुलांनी स्वतः चालवायच्या छोट्या मोटारी. चार वर्षांचं मूल एकाच राइडमध्ये तीनदा बसायचं म्हणतं, तर बसू द्यावं. नवं दाखवायची घाई मोठ्यांना असते. नऊ वर्षांचा मात्र धड मोठ्यांत नाही, धड लहानांत नाही. सकाळी तो या तुकडीत रुसतो. त्याला अलीबाबाच्या गुहेत न्यावं, तिथे गाडीत बसून बंदुकीने नेम मारायचा असतो, गुण मोजले जातात आणि उंचीचा अपमान होत नाही.

तिसरी तुकडी आजी-आजोबांची, सोबत सून किंवा मुलगी. यांनी सावलीतून चालत ‘आय फॉर इंडिया’ गाठावं. मोठ्या पडद्यासमोर खुर्च्या अधांतरी उचलल्या जातात आणि देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं. आत गारवा असतो. ज्येष्ठांना सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. उंचीची भीती असेल तर खालच्या रांगेतली खुर्ची मागावी. चक्कर येऊ लागली तर पडद्याची कड किंवा शेजाऱ्याचा हात असं काहीतरी न हलणारं बघावं. कोल्हापुरीला मागे पट्टा नसेल तर ती आधीच काढून ठेवायची. सलीमगढची भुताची राइड आणि अचानक धक्के देणाऱ्या बाकीच्या राइड्स आजींसाठी नकोत. कमरेच्या मणक्याची झीज असताना छोटासा धक्काही महिनाभर पुरतो.

ठरलेल्या जागी साडेबाराला तिन्ही तुकड्या जमल्या पाहिजेत. वेळ आणि जागा सकाळीच ठरवायची, ‘फोन करू’ यावर सोडायचं नाही. राइडवर असताना फोन लॉकरमध्ये असतो, नाहीतर आजोबांचा फोन सायलेंटवर असतो. साडेबाराच का? एक वाजता सगळं पार्क एकदम जेवायला वळतं. साडेबाराला बसलं तर नऊ जणांना एकत्र टेबल मिळतं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. औषधं आणि बाळाच्या खाण्याचं तपासणीच्या वेळी सांगावं, मधुमेह्यांनी ग्लुकोजबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. त्या दिवशी आजींचा उपास येत असेल तर साबुदाण्याची आशा धरू नये. राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे खोलीवर ठेवून, दुपारी तिथे जाऊन खावेत.

जेवणानंतर आजी-आजोबा आणि धाकटा खोलीवर झोपायला. बाहेर पडताना पुन्हा आत येण्यासाठी शिक्का किंवा पट्टा लागतो का, हे दारावर विचारल्याशिवाय पाऊल बाहेर टाकू नये. साडेचारपर्यंत ही मंडळी परत येतात ती ताजी होऊन. इतर कुटुंबांत याच वेळेला भांडणं सुरू झालेली असतात.

मधल्या वेळेत बाकीच्यांनी भिजायच्या राइड्स करायच्या. राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर तीनच्या सुमाराला, उन्हं असताना. शेवटी बोट खाली कोसळते आणि अंग भिजतं. हीच राइड सहाला केली तर जानेवारीत ओल्या कपड्यांनी पार्कमधली संध्याकाळची मिरवणूक बघावी लागते. नऊ वर्षांच्याला रांगेत सांगायला एक गोष्ट: राजासॉरस हा खराखुरा भारतीय डायनोसॉर आहे. त्याची हाडं नर्मदेच्या खोऱ्यात सापडली आणि २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं, ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’.

संध्याकाळच्या मिरवणुकीच्या अर्धा तास आधी सावलीतला बाक धरावा. चाकाची खुर्ची पुढच्या ओळीत, धाकटा आजीच्या मांडीवर. निघताना रस्ता दुकानातून जातो, हे काही योगायोगाने नाही. प्रत्येक नातवंडाला किती रुपयांपर्यंत काय घ्यायचं ते सकाळीच ठरवून द्यावं आणि आजोबांना गुपचूप पाकीट काढू देऊ नये.

दिवस तिसरा: वॉटर पार्क

हा दिवस उशिरा सुरू करायचा आणि लवकर संपवायचा. साडेदहा ते अडीच पुष्कळ झाले.

पाण्यात उतरायला नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे चालतात. साडी, सुती पंजाबी ड्रेस, जीन्स नाही. याचा सभ्यतेशी संबंध नाही. सुती कापडाचे धागे सुटून गाळण्यांत अडकतात, ते पाणी पिऊन जड होतं आणि घसरगुंडीच्या सांध्यांत अडकू शकतं. कपडे तिथे मिळतात, पण बाकीच्यांसारखेच आपणही त्या रांगेत उभे राहतो. आजींसाठी गडद रंगाची, पूर्ण लांबीची नायलॉन पँट आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट घरूनच घ्यावा, आणि एकदा घरी घालून बघावा. नवा घट्ट पोशाख पहिल्यांदा चारचौघांत घालायची वेळ आली तर त्या पाण्याकडे फिरकणार नाहीत.

सोनं खोलीच्या तिजोरीत. मंगळसूत्र, पाटल्या आणि विशेषतः अंगठ्या. पाण्यात अर्ध्या तासाने बोटं आकसतात आणि सैल अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. लाटांच्या तलावात पडलेली अंगठी शोधायला कोणी तलाव रिकामा करत नाही. लॉकरमध्येही दागिने नकोत. त्याची किल्ली दिवसभर कुणाच्या तरी मनगटावर भिजत असते.

इथे लोक पडतात ते घसरगुंड्यांवर नाही, जिन्यांवर. ओल्या पायऱ्या, घाईत उतरणारी मुलं आणि मोठ्यांचा चष्मा लॉकरमध्ये. आजी-आजोबांनी एकही जिना चढू नये. संथ वाहणाऱ्या पाण्यात टायरवर बसून फिरणं त्यांच्यासाठी आहे. त्यातही टायरमध्ये बसणं सोपं, उठणं कठीण, म्हणून उतरण्याच्या जागी एका धडधाकट माणसाने आधीच उभं राहायचं आणि समोरून दोन्ही हात द्यायचे. दुपारी बाराला सिमेंटची फरशी पाय भाजते. रबरी चपला घालाव्या आणि त्या कुठे काढल्या ते एकाने लक्षात ठेवावं.

लूपी वूपी ही घसरगुंडी चौदा वर्षांच्या मुलीच्या यादीत असणारच. पायाखालची फळी अचानक सरकते आणि माणूस नळीतून खाली जातो. सांगितल्याप्रमाणे हात छातीवर, घोट्यावर घोटा ठेवायचा. हे शोभेसाठी नाही, सुटलेलं कोपर नळीच्या भिंतीवर आपटतं. अशा वळसा घेणाऱ्या नळीला वजनाची खालची मर्यादाही असते. फार हलका माणूस वळणाच्या माथ्यावर पोचण्याइतका वेग घेत नाही आणि मधेच परत घसरतो. फुगवलेल्या तराफ्यांवर एकूण वजन बघतात ते उलट कारणाने. जड तराफा जास्त वेग घेतो आणि वळणावर भिंतीवर फार वर चढतो. काट्यावर उभं राहायला सांगितलं तर लाजू नये.

चार वर्षांच्या मुलाचे ओठ निळसर दिसू लागले की तो काहीही म्हणो, बाहेर काढायचं. लहान शरीरातली ऊब लवकर जाते. कोरडा टॉवेल, कोरडे कपडे, गरम दूध, या क्रमाने. ऊन असल्याने थंडी वाजणार नाही हा समज चुकीचा आहे, वारा असला की वाजते. आणि लगेच शेजारच्या स्नो पार्कला न्यायचा बेत रद्द करावा. तिथे तापमान शून्याच्या खाली असतं. भिजलेल्या केसांनी आत जाण्यात शहाणपण नाही आणि दम्याच्या माणसाची छाती कोरड्या थंड हवेने आवळते. जायचंच असेल तर संध्याकाळी, केस वाळल्यावर, दोन जोड मोजे घालून. आजी-आजोबांनी नाही, बर्फावर घसरून मांडीचं हाड मोडणं परवडत नाही.

संध्याकाळी ओले नायलॉनचे कपडे पिळून न्हाणीघरात टांगायचे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले तर घरी पोचेपर्यंत कुबट वास येतो.

दिवस चौथा: पाली आणि परत

सातला खोली सोडावी. खोपोली–पाली रस्त्याने पाऊण ते एक तास लागतो. बल्लाळेश्वराच्या आधी मागच्या बाजूला धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायची पद्धत आहे. हे आजींना माहीत असतं आणि गाडीतून आधी उतरलेल्या मुलांना नसतं. देऊळ पूर्वाभिमुख आहे, दगडी बांधकाम नाना फडणविसांच्या काळातलं, आणि दगडांचे सांधे शिसं ओतून भरलेले. मोठी घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर, म्हणजे १७३९ नंतर, आणून वाहिलेली. मागे सरसगड. चौदा वर्षांच्या मुलीला चढावासा वाटेल, पण तो वेगळ्या दिवसाचा विषय, आज नाही.

जवळच उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं आहेत. तीन दिवसांच्या चालण्यानंतर पाय बुडवून बसायला चांगली जागा. नुसतेच पाय, आणि दहा मिनिटं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने मानेपर्यंत गरम पाण्यात बसून एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आजोबा उठताना त्यांचा हात धरायला जावयाने जवळच असावं.

देवळाबाहेर पोह्याचे पापड, मिरगुंडं, कोकम मिळतं. आगळाची बाटली घेतली तर ती गाडीत उभी ठेवावी, घाटात झाकण सुटतं. मुंबईकडे जाणाऱ्यांनी वाकण फाट्याहून मुंबई–गोवा महामार्ग धरून पेणमार्गे जावं किंवा आल्या रस्त्याने खोपोलीला. पेणमार्गे जाताना रस्त्याची कामं आणि वडखळची गर्दी आहे का ते त्याच सकाळी बघायचं. पुणेकरांना सोयीचा रस्ता खोपोलीहून बोरघाट. दुपारी बाराच्या आत पाली सोडली तर चारच्या आत घरी, आणि आजींना संध्याकाळी दोन उशांवर पाय ठेवून पडायला वेळ मिळतो. गाडी सोडण्याआधी आसनांच्या खाली एकदा हात घालून बघावा. धाकट्याचा एक मोजा आणि स्टूल हमखास मागे राहतं.